बनुबाईची जाहिरात

१

कणगी आडवी पडली होती आणि माजघरभर ज्वारी सांडली होती. त्या ज्वारीवरून किती पाय गेले असतील देव जाणे. शेजारी आले, पोलीस आले, तिरडी उचलणारे आले. बनुबाईचा मुलगा जोतीराम, फौजेतला हवालदार, मात्र उशिरा आला. सीमेवरच्या छावणीत तार पोचायला वेळ लागला, गाडी मिळायला त्याहून लागला. तो हिंगणमळ्यात उतरला तेव्हा आईची राखसुद्धा सावडून झाली होती.

बनुबाई जात्याच्या दगडावर डोकं आपटून मेली. कुणीतरी ढकललं तिला. दिवस मोहरमचा, कडेगावच्या ताबुतांच्या भेटीचा. त्या दिवशी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर कुत्रंसुद्धा थांबत नाही, सगळा मुलूख ताबूत बघायला लोटतो. बनुबाई तेवढी मागं राहिली. शेजारी गुंडा राहायचा, त्याची बायको शिवांजली बाळंतीण होती, तिचा सव्वा महिना व्हायचा होता, तिच्याकडं बघायला कुणी नको का?

"गुन्हेगार धरलाय," फौजदार लालासाहेब म्हणाले. ते ओसरीवर टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. "तुमचा शेजारी. गुंडा. माळ त्याच्याच पेटीत सापडली."

"कसली माळ?"

"बोरमाळ. तुमच्या आईची. टीव्हीवरच्या त्या दुकानाच्या जाहिरातीत बघितली न्हाई का तुमी? आख्ख्या सांगलीनं बघितली."

जोतीरामला कळेचना. वडील गेल्यापासून आईच्या गळ्यात त्यानं काही म्हणून पाहिलं नव्हतं. होतं नव्हतं ते बहिणीच्या लग्नात गेलं. मग माळ आली कुठून? पण त्याला घरी येऊन वर्ष व्हायला आलं होतं. वर्षात माणूस काय काय करतं ते लांबून थोडंच कळतं?

फौजदार गेल्यावर तो घरात एकटा फिरला. लोखंडी ट्रंकेचं कुलूप जागच्या जागी. देवळी तशीच. आईची वाकळ घडी करून ठेवलेली. चोरानं दुसऱ्या कशालाच हात लावला नव्हता, फक्त कणगी उपडी केली होती. चोर म्हटला की आधी ट्रंक फोडतो. हा कुठला चोर, ज्याला आधीपासून ज्वारीतच हात घालायचा होता?

घर इतकं गप्प होतं की त्याला सोसवेना. त्यानं टीव्ही लावला. गेल्या सुट्टीत त्यानंच सांगलीला जाऊन आईसाठी तो ठरवला होता. मोठा, रंगीत. हप्ते फिटल्यावर, दोनेक महिन्यांपूर्वी, दुकानवाल्यांनी तो पोचवला तेव्हा जोतीराम परत छावणीत होता. पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या. त्यानं मागं वाकून बघितलं, तर अँटेनाची वायर काढून बाजूला टाकलेली.

उंदरानं ओढली म्हणावी, तर पिन नीट फिरवून काढलेली होती. ही वायर माणूस एकाच कामासाठी काढतो, तिच्या जागी व्हीसीआरची वायर लावायला. आणि अख्ख्या हिंगणमळ्यात व्हीसीआर कुणाकडंच नव्हता.

२

गुंडाला कोठडीत बघितलं तेव्हा जोतीरामचा राग एकदम उसळला आणि तसाच बसला. उजव्या हाताची बोटं सुजून वांगी झाली होती. लहानपणी ह्याच हातानं गुंडानं त्याला विहिरीतून ओढून काढलं होतं.

"जोत्या, आलास रं," गुंडा म्हणाला. "मावशीला म्यां न्हाई मारलं गड्या. मी ताबुताला गेलोवतो, पर तेवढ्या गर्दीत मला बघितलं म्हणणारं कुणी न्हाई. पोराच्या गळ्याची आन."

"मग माळ?"

"माळ शिवांजलीची हाय! तिच्या आयनं मेढ्यावरनं आणली, डोहाळजेवणाला. गावात घालून मिरवायची तिला लाज वाटायची, पेटीतच असायची. तवा कुणाला ठावंच न्हाई. दुकानवाल्यांचा माणूस कॅमेरा घिऊन आला, म्हणला आजी, गळ्यात कायतरी घाला, गळा मोकळा बरा दिसत न्हाई. मग शिवांजलीनं नेऊन दिली आन मावशीनं लगीच परत केली. एवढंच हाय बघ."

"फौजदाराला सांगितलंस का?"

"सांगून सांगून तोंड सुजलं. ते म्हणत्यात, टीव्हीत म्हातारीच्या गळ्यात हाय, मंजी म्हातारीची. शिवांजलीची आय सांगाया आली, तर म्हणले लेकीसाठी खोटंच बोलणार. आरं, वस्तीतली माणसंबी तसंच म्हणाय लागली! टीव्हीत दावलंय ते खोटं कसं आसंल, म्हणत्यात." गुंडाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तुला तरी खरं वाटतंय का?"

जोतीराम लगेच हो म्हणाला नाही. तो गजांशी उभा राहून विचार करत होता. गुंडा खरं बोलत असेल, तर सोनं गुंडाच्याच घरात होतं. मग तो आपलंच सोनं हुडकायला दुसऱ्याची कणगी कशाला उपडी करील? आणि खोटं बोलत असेल, तर व्हीसीआर त्याला कुणी दिला? कणगी उपडी करणाऱ्याला सोनं बनुबाईचंच वाटत होतं. म्हणजे त्यानं तिला फक्त टीव्हीत पाहिलं होतं.

"खरं वाटतंय," तो म्हणाला. पण तेवढ्या वेळात गुंडानं मान फिरवली होती.

गुंडाला परवा मोठ्या कोर्टात नेणार, असं पोलीस हवालदारानं बाहेर सांगितलं. एकदा कागद पुढं सरकला की वर्षानुवर्षं परत फिरत नाही. बायको ओली बाळंतीण, घरात कमावता हात तोच एक, आणि त्याचीही बोटं मोडलेली.

३

सांगलीच्या विश्रामबागेतल्या टीव्हीच्या दुकानात शिरला आणि जोतीरामचे पाय जागच्या जागी थांबले.

भिंतभर टीव्ही लावले होते, आणि सगळ्यांवर आई होती. डोईवर पदर, गळ्यात बोरमाळ, हातात नारळ. ती नारळ नव्या टीव्हीपुढं ठेवत होती आणि कॅमेऱ्याकडं बघून लाजून हसत होती. मागून गोड आवाजातली बाई सांगत होती, 'घरचा टीव्ही, घरचं माणूस!' मग आई पुन्हा पहिल्यापासून नारळ ठेवायला लागली. पुढं पोरंसोरं आणि बायका गर्दी करून बघत होत्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं, "हीच गं, हीच ती म्हातारी."

दुकानाचे मालक चिंतामण फडके खुर्चीतून उठले. गोरेगोमटे, बोलके गृहस्थ. ओळख सांगितल्यावर त्यांनी हात जोडले, डोळे पुसले, चहा मागवला. हे सगळं त्यांनी एका दमात केलं.

"हवालदारसाहेब, फार वाईट झालं हो. अगदी घरचं माणूस गेल्यासारखं."

"मग ती जाहिरात बंद करा की."

चिंतामणराव जरा अडखळले. "करतो, करतो. पण तुम्हाला एक सांगू का? इतकी वर्षं मी पत्रकं वाटली, लोकांनी त्यात भेळ खाल्ली. थेटरात स्लाइड लावली, तेवढ्यात लोक बिडी ओढून येतात. पण केबलवर ओळखीचा चेहरा दाखवा, अख्खी गल्ली दुकानात हजर! आमच्या मावशीला दाखवलं, मग आम्हाला का नाही, म्हणून माणसं टीव्ही घ्यायला येतात. आता काळच तो आलाय. प्रत्येकाला पडद्यावर यायचंय. आणि खोटं कशाला बोलू, हे सगळं झाल्यापासून तर..." ते थांबले.

"झाल्यापासून काय?"

"लोक हीच जाहिरात मागतात. केबलवाल्यांना फोन करकरून मागतात."

जोतीरामनं चहा तसाच खाली ठेवला. ह्या माणसाच्या कानाखाली जाळ काढावा असं त्याला फार वाटलं. पण गुंडाची बोटं आठवली आणि त्यानं आवाज खाली आणला.

"ताबुताच्या दिवशी तुमी कुठं व्हता?"

"इथंच. लग्नसराई, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. विचारा कुणालाही."

"ह्या जाहिरातीत आय माजघरातनं बाहेर येताना दिसत न्हाई. कणगी दिसत न्हाई. नुसता नारळ हाय."

"एका मिनिटात काय काय दाखवणार? शूटिंग निमिष करतो, कापाकापी राजस करतो. मी फक्त शेवटचं ते मिनिट बघतो."

"निमिष कुठं भेटंल?"

"साताऱ्याला. एका लग्नाच्या शूटिंगला गेलाय. बरेच दिवस तिकडेच आहे." चिंतामणरावांनी घाम पुसला. "का हो? निमिषचं काय?"

जोतीराम उठला. तो पुन्हा भिंतीकडं बघायचं टाळत बाहेर पडला. पाठीमागं आई अजून नारळ ठेवत होती.

४

साताऱ्याच्या कार्यालयात अक्षता पडून पंगती बसल्या होत्या. कॅमेरा खांद्यावर घेतलेला निमिष नवरीच्या मावश्यांच्या पुढं उलटा चालत होता. बारका, घामाघूम झालेला तरुण. जोतीरामनं नाव सांगताच त्यानं कॅमेरा खाली ठेवला आणि भिंतीशी टेकला.

"आजींचं मला इथंच कळलं," तो म्हणाला. "त्या दिवशी मी ह्याच लोकांकडे होतो, साखरपुड्याला. दादा, खरंच वाईट वाटलं. त्यांनी मला भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नव्हतं."

"माळ कुणाची व्हती?"

"शेजारच्या वहिनींची ना? त्या पोटुशा होत्या, कॅमेऱ्यापुढे यायला लाजत होत्या. शूटिंग झाल्यावर मी भाकरी खात होतो, तेव्हा त्या आल्या आणि आजींनी माझ्यासमोर माळ काढून त्यांच्या गळ्यात घातली. म्हणाल्या, तुलाच शोभती गं बाई. का, काय झालं?"

जोतीरामनं डोळे मिटून घेतले. एवढा एक साक्षीदार होता, आणि त्याला विचारायला कुणी साताऱ्यापर्यंत आलं नव्हतं!

"आता नीट आठवून सांग. कॅमेरा कवापासनं चालू व्हता?"

"सुरुवातीपासून. मी बंद करत नाही, म्हातारी माणसं पुन्हा पुन्हा तेच करायला दमतात. कलशाखाली ठेवायला मूठभर ज्वारी आणते म्हणून आजी आत गेल्या. गळा मोकळा होता. मागच्या दारानं त्या वहिनी आल्या असणार, ते मला दिसलं नाही, कुजबुज तेवढी ऐकू आली. बाहेर आल्या त्या माळ घालून, मुठीत ज्वारी. अंगावरचे दाणे झटकत होत्या."

"म्हंजी टेपवर काय दिसलं? मोकळ्या गळ्यानं आत गेली आन ज्वारी झटकत, सोनं घालून बाहेर आली."

"हो."

"बघणाऱ्याला वाटंल, सोनं कणगीत हाय."

आत माईकवर कुणीतरी उखाणा घेत होतं आणि मांडव हसत होता.

"ती सगळी टेप कुणी कुणी बघितली, निमिष?"

"मी कॅसेट काढून राजसच्या हातात देतो. पुढचं सगळं तोच..." निमिषनं कॅमेऱ्याचं झाकण लावलं. मग हळू आवाजात म्हणाला, "दादा, तो तसा नाहीये हो. तो माझा मित्र आहे."

५

राजसची खोली विश्रामबागेतच एका बंगल्याच्या गच्चीवर होती. फौजदार लालासाहेब आधी यायलाच तयार नव्हते. निमिषनं माळेची हकिकत सांगितली तेव्हा मात्र ते टोपी घालून निघाले. आता ते निमिषला घेऊन जिन्यावर थांबले होते आणि दार उघडं होतं.

आत दोन जुनाट व्हीसीआर, वायरींचं जंजाळ आणि भिंतीवर कॉम्प्युटरचं चित्र. रंगीत मासिकातून कापून चिकटवलेलं. राजस चष्मा लावणारा सज्जन दिसणारा मुलगा होता. त्यानं जोतीरामला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसला.

"हे काय हाय?" जोतीरामनं चित्राकडं बोट दाखवलं.

"एडिटिंगचं मशीन. पुण्यात आता सगळे ह्याच्यावर काम करतात. टेप पुढेमागे करायला नको, जिथे हवं तिथे कापा." बोलता बोलता त्याचा चेहरा उजळला. "हे नसेल तर आमच्यासारख्यांना पुढच्या वर्षी कुणी विचारणार नाही, काका. सगळं इतकं भराभर बदलतंय."

"माज्या आयची टेप पायजे मला. सगळी. आठवण म्हणून."

"ती पुसली गेली. आम्ही त्याच टेपवर पुढचं शूटिंग करतो."

"तू बघितली व्हतीस का सगळी?"

"नाही. मी कामापुरतंच बघतो."

"बरं." जोतीराम खुर्चीतून उठला. मग त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं, "ती माळ तिची नव्हतीच. शेजारणीची मागून आणलेली. शूटिंग झाल्यावर लगीच परत दिली. आमच्या कणगीत ज्वारीशिवाय कवाच काय नव्हतं."

राजस त्याच्याकडं बघत राहिला.

"नव्हती?"

"न्हाई."

"मग त्यांनी सांगितलं का नाही?" तो एकदम ओरडला. "मी किती वेळा विचारलं! किती वेळा! शेजारणीची आहे म्हणाल्या असत्या तर मी निघून गेलो असतो ना!"

ओरडल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. जिन्यावरून लालासाहेब आत आले. राजस स्टुलावरून घसरून खाली फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

मग त्यानं सगळं सांगितलं. ताबुताच्या दिवशी वस्त्या रिकाम्या असतात हे त्याला ठाऊक होतं. व्हीसीआर पिशवीत घालून गेला. आजी, तुम्ही टीव्हीत आलात, बघा तरी, म्हणाला. केबल सांगलीपुरती. तिनं स्वतःला कधी पाहिलंच नव्हतं.

"हसली का?" जोतीरामनं विचारलं. त्यालाच कळलं नाही हे आपण का विचारतोय.

"खूप हसल्या. पुन्हा लाव म्हणाल्या. मग माझ्यासाठी चहा करायला चुलीपाशी गेल्या, आणि मी माजघरात जाऊन कणगीत हात घातला. त्या परत आल्या. मी घाबरलो. सोनं कुठंय, म्हटलं. त्या म्हणाल्या, माझ्याकडे सोनं नाही रे बाबा. मी म्हटलं, मी डोळ्यांनी बघितलंय! सारखं तेच, नाही, नाही. मी हात धरून ओढलं... मला मारायचं नव्हतं हो. त्या खोटं बोलतायत असं वाटलं मला."

"खोटं नव्हती बोलत ती," जोतीराम म्हणाला.

"पण शेजारचं नाव का नाही घेतलं?"

जोतीरामला ते ऐकता ऐकताच कळलं होतं. भिंतीपलीकडं शिवांजली एकटी, कुशीत चार दिवसांचं म्हणावं एवढं पोर, आणि वाडीत हाकेला माणूस नाही. शेजारचं नाव घेतलं असतं, तर हा त्या दारात गेला असता. आई नाव घेणार नव्हती, मेली तरी. आणि मेलीच.

ह्या पोराला ते सांगायची त्याला गरज वाटली नाही. त्याला कुणालाच सांगायचं नव्हतं.

६

गुंडाला सोडलं. लालासाहेबांनी माळ सही घेऊन परत दिली, चूक होते माणसाकडून असं म्हणाले आणि एस.टी.च्या थांब्यापर्यंत जीप दिली. गाडीत गुंडा मोडकी बोटं मांडीवर ठेवून खिडकीतून बाहेर बघत बसला. जोतीरामशी तो फारसं बोलला नाही. कोठडीतला तो एक क्षण दोघांच्या मध्ये बसला होता. जोतीरामला वाटलं, हे आता मरेपर्यंत असंच राहणार.

वस्तीवर माणसं जमली. कुणी गुंडाला पाणी दिलं, कुणी म्हणालं आमाला ठाऊकच व्हतं. जोतीराम गुंडाच्या घरात गेला आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दाराबाहेर उभा राहिला. त्या खोलीत पुरुषमाणूस जात नाही. पोलीस आले तेव्हा तेसुद्धा पेटी बाहेर मागवून तिथूनच परत फिरले होते. ओल्या बाळंतिणीला काय विचारायचं, असं सगळ्यांनाच वाटलं होतं. त्यालाही वाटलं होतं.

"वयनी, माळ ठेवतो इथं उंबऱ्यावर," तो म्हणाला.

"भावजी," आतून आवाज आला, "त्या पोरानं काय सांगितलं? मावशी काय म्हणाली शेवटाला?"

त्यानं वाटेत खोटं तयार करून ठेवलं होतं. "काय न्हाई. झटापट झाली, पडली, लगीच गेली. बोलाय सवड मिळाली न्हाई तिला."

बाळ कुरकुरलं, गप्प झालं.

"बोलली ती," शिवांजली म्हणाली. "माज्याकडं सोनं न्हाई रं बाबा, म्हणत व्हती. लय येळा म्हणाली. रडत व्हती. मी हितं भिताडाला पाठ लावून निजलेवते, मला सगळं आयकाय येत व्हतं."

जोतीरामनं चौकट घट्ट धरली.

"आवं, मला वाटलं टीव्ही लागलाय," ती म्हणाली. "आदी मावशीचं हसणं आयकलं, गाणं आयकलं. मग कुणीतरी पोरगा वराडला, बाई रडाय लागली. मी म्हणलं, आज मावशीच्या टीव्हीतल्या शिरेलीत लयच रडारड चाललीय. मी पोराला पाजलं आन कूस बदलून झोपले. कुणी मला इचाराय आलं न्हाई, आन मीबी कुणाला सांगितलं न्हाई. नुसती हाक मारली असती तरी पळाला असता का वो तो?"

पळाला असता. हे जोतीरामला नक्की ठाऊक होतं. गच्चीवर रडणारं ते पोर, एका हाकेनं पळालं असतं. नाही म्हणायचं ठरवून त्यानं माळ उंबऱ्यावर ठेवली.

"सांगा की भावजी," शिवांजली म्हणाली. "पळाला असता का?"